विहिरीचे पाणी विहिरीला

मिरज तालुक्याच्या पूर्व भागात, पानमळ्यांच्या पट्ट्यात, गावापासून मैलभर अंतरावर एका मळ्यात जुनी दगडी विहीर आहे. त्या विहिरीवर साठ वर्षे एक नेम चालला. त्यात खंड पडला तो फक्त चार महिन्यांचा. पहाटे फटफटण्याच्या सुमारास मळ्यातल्या अक्का विहिरीवर येत, रहाटावरून पाणी शेंदत आणि घागरीच्या तोंडावर दुहेरी गाळणे धरून ते सावकाश ओतत. जुन्या माणसांनी सांगितलेले गाळण्याचे माप त्यांना पाठ होते : ३६ अंगुळे लांब, २४ अंगुळे रुंद, आणि तेही दुहेरी. कापड जाड हवे, त्यातून सूर्य दिसता कामा नये. घागर भरली की गाळणे उलटे धरून त्यावर गाळलेले पाणी सोडायचे आणि गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव एका छोट्या बादलीत उतरवून घ्यायचे. ती जीवाणी. ही बादली वेगळी होती. तिच्या तळाला एक कडी होती आणि त्या कडीला दुसरी दोरी. बादली पाण्याला टेकली की ही दोरी ओढायची, म्हणजे बादली तिथेच अलगद उलटी होते आणि जीवाणी उंचावरून न आपटता आपल्या पाण्यात परत जाते.

हा विधी वाचकांना नवा नाही. अनेक घरांतून तो आता आठवणीपुरता उरला आहे, एवढेच. अक्कांच्या बाबतीत मात्र तो निव्वळ विधी राहिला नाही. ज्या पाण्यातून जीव घेतला त्याच पाण्यात तो परत गेला पाहिजे, दुसऱ्या विहिरीत टाकून चालणार नाही, ही गोष्ट त्यांनी इतकी मनावर घेतली की पुढे घरातला एक मोठा तंटा त्यांनी याच मापाने तोलला.

अक्कांचा जन्म १९३८ च्या सुमारास याच पट्ट्यातल्या एका शेतकरी जैन कुटुंबात झाला. चौथीपर्यंत शाळा झाली. अक्षर वळणदार होते आणि वाचनाची गोडी होती, पण त्या काळी मुलीच्या शिक्षणाचा विचार तिथेच संपत असे. लग्नाआधीच्या आयुष्यातली एकच मोठी घटना त्या नेहमी सांगत. १९५५ च्या भाद्रपदाच्या सुमारास आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना धारण केल्याची वार्ता दक्षिण महाराष्ट्रात घरोघर पोहोचली होती. महाराज मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, त्यामुळे या भागातल्या प्रत्येक घराला ते आपले वाटत. अक्कांचे वडील लेकीला घेऊन मिरजेहून बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने निघाले, बार्शीला उतरले आणि पुढे मिळेल त्या मोटारीने कुंथलगिरीला पोहोचले. दर्शन क्षणभरच झाले. ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर १८ सप्टेंबरला महाराजांची समाधी झाली, तेव्हा बापलेक गावी परतलेले होते. डोंगरावरची हजारो माणसांची शांतता अक्कांच्या लक्षात राहिली. ‘एवढी माणसं, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं,’ असे त्या सांगत. त्यापलीकडे त्या काही सांगत नसत. नातवंडांना त्यात काही गोष्ट असल्याचे वाटत नसे आणि ती पुढचे विचारीत, ‘मग काय झालं?’ अक्का म्हणत, ‘मग घरी आलो.’

पुढच्याच वर्षी लग्न होऊन त्या या मळ्यात आल्या. सासरे, सासू, पती आप्पा, धाकटे दीर तात्या, दोन नणंदा, दोन गडी आणि चार जनावरे असा संसार होता. दोन वर्षांनी धाकट्या जाऊबाई आल्या. त्या अक्कांच्या माहेरगावच्याच, नात्यातल्या. दोघी एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळत. या घरात पिठाची मर्यादा पाळली जाई : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापलीकडचे पीठ स्वयंपाकाला चालत नसे. साहजिकच पावसाळ्यात जाते रोजच फिरे. दळणाबरोबर ओव्या होत, माहेरच्या गोष्टी होत, सासूच्या तक्रारीही होत असणार. त्या दहा-बारा वर्षांत दोघींमध्ये एकदाही वाकडा शब्द झाला नाही, असे गावातल्या जुन्या बायका आजही सांगतात.

अक्कांचे स्वयंपाकघर हीच घरातली पहिली पाठशाळा होती. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर यांना तिथे प्रवेश नव्हता. पण त्यावाचून काही अडते आहे असे जेवणाऱ्याला कधी जाणवले नाही. हिंग-जिऱ्याची खमंग फोडणी, शेंगदाण्याचे कूट, भाजलेले तीळ-खोबरे आणि वरून ताजी कोथिंबीर एवढ्यावर त्यांची वांग्याची भाजी अशी उतरे, की मळ्यावर आलेला पाहुणा भाकरी मोजायचे विसरे. चातुर्मासात पालेभाज्या बंद होत, तेव्हा डाळी आणि कडधान्यांची पाळी येई. दशलक्षण पर्वात अक्कांचे स्वतःचे उपवास आणि एकाशने चालू असत, पण लहान मुलांना त्यांनी कधी उपाशी ठेवले नाही. ‘तुझा उपास तू मोठा झालास की धर,’ म्हणून त्या ताट पुढे सरकवीत. सक्ती न करण्याचा हा स्वभाव त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणूनच पुढे त्यांनी जे केले त्याचे घरच्यांना इतके नवल वाटले.

सासरे १९७० मध्ये गेले आणि वर्षभराने वाटणी झाली. जमीन समान वाटली गेली. घराला मध्ये भिंत पडली. विहीर आली आप्पांच्या तुकड्यात. ‘विहीर दोघांची,’ असे पाच माणसांसमक्ष ठरले होते, पण वाटणीपत्रात विहिरीचा उल्लेख राहून गेला आणि सातबाऱ्यावर हिश्शाची नोंद झाली नाही. भावाभावांत कसले आले कागद, असे तेव्हा सर्वांनाच वाटले. आपल्या समाजातील किती घरांचे तंटे या एका वाक्यापाशी सुरू झाले असतील, याची गणती कोण करणार!

१९७२ चा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसू लागला. मोटार आप्पांच्या नावावर, विजेची जोडणी आप्पांच्या नावावर. तासाभरात उपसा संपे आणि पुन्हा पाणी साठायला निम्मा दिवस लागे. पानमळ्याचे पीक मोठे नाजूक. शेवरीच्या आधाराने चढणारे वेल उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी मागतात. मळा उभा करायला वर्षभर राबावे लागते आणि जळायला पंधरवडा पुरतो. आप्पांनी आधी स्वतःचा मळा जगवला. १९७३ च्या उन्हाळ्यात तात्यांचा वीस गुंठ्यांचा मळा डोळ्यांदेखत वाळला. त्यानंतर पाऊस झाला, विहीर भरली, पण मने भरून आली नाहीत. तात्यांनी पाळी मागितली. आप्पांनी कागद दाखवायला सांगितले. १९७४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि दोन्ही घरांचे बोलणे थांबले. भिंतीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चुलीवर एकाच वेळी भाकरी थापल्याचा आवाज येई. दोघी जावा तो ऐकत आणि गप्प राहत.

क्षमावाणीचा दिवस मात्र दरवर्षी येई. अनंत चतुर्दशी झाली की भाद्रपद वद्य प्रतिपदेला बस्तीत अभिषेक होई, मग गावातली सारी श्रावक मंडळी घरोघर जाऊन ‘उत्तम क्षमा’ म्हणत. वर्षभर ज्यांच्याशी धड चार शब्द बोलणे झाले नाही त्यांच्याकडे जाणे सोपे असते. ज्याच्याशी वैर आहे त्याच्या उंबऱ्याशी जाणे किती अवघड, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. अक्का पहिल्या वर्षापासून गेल्या. आप्पांनी अडवले नाही, पण स्वतः गेले नाहीत. अक्का पलीकडच्या दाराशी उभ्या राहत, हात जोडत, ‘उत्तम क्षमा’ म्हणत. तात्या असले तर मान हलवीत. जाऊबाई आतून बाहेर येत नसत. अक्का परत येत. असे चार वर्षे झाले.

पाचव्या वर्षी, १९७८ मध्ये, आतून उत्तर आले. जाऊबाई दाराआडूनच म्हणाल्या, ‘क्षमा ऱ्हाऊ द्या अक्का. पाणी कधी सोडताय ते सांगा.’

अक्का घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांनी पारणे केले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी थोरल्या नातीने याविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की ते शब्द कडू होते म्हणून नव्हे, खरे होते म्हणून लागले. तात्यांचा मळा वाळत होता तेव्हा आपण काय करीत होतो, तर त्याच विहिरीचे पाणी गाळून पीत होतो. डोळ्यांना न दिसणारे जीव जपून विहिरीत सोडत होतो आणि भिंतीपलीकडची दिसणारी माणसे तहानलेली होती. दरवर्षी दारात जाऊन हात जोडताना पाण्याची चावी आपल्याच घरात टांगलेली होती.

वर्षभर त्यांनी आप्पांना समजावून पाहिले. आप्पा वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. देवदर्शनावाचून त्यांनी कधी अन्न घेतले नाही, गड्यांची मजुरी कधी थकवली नाही. पण न्यायालयात गेलेली गोष्ट मागे घेणे म्हणजे हरणे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. शिवाय वकिलावर झालेला खर्च डोळ्यांसमोर होता. ‘निकाल लागू दे, मग बघू,’ एवढेच ते म्हणत. निकाल लागत नव्हता.

१९७९ च्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, अक्कांनी बस्तीत भगवंतांसमोर नियम घेतला : या विहिरीवर दोन्ही घरांचा हक्क कागदावर येईपर्यंत तिचे पाणी आपण पिणार नाही. उपाध्यांना त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. आप्पांना संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी कळले.

‘हे उपोषण कुणाविरुद्ध?’ त्यांनी विचारले.

‘कुणाविरुद्ध नाही,’ अक्का म्हणाल्या. ‘माझ्या घशाखाली उतरत नाही, एवढंच.’

दुसऱ्या दिवसापासून अक्का गावविहिरीवर जाऊ लागल्या. जाताना मैल, येताना मैल, डोक्यावर चुंबळ, तीवर घागर आणि कडेला कळशी. गावविहिरीचे पाणी तिथेच गाळायचे आणि तिथली जीवाणी तिथेच सोडायची असल्याने वेळ लागे. मागे रांगेतल्या बायका कुरकुरत. ज्या मळ्याची विहीर भागात सर्वांत गोड पाण्याची म्हणून नावाजलेली, त्या मळ्याची मालकीण चव्हाट्यावर पाण्यासाठी उभी राहते, याची चर्चा आठवडाभरात शेजारच्या दोन गावांत पोहोचली. आप्पांनी ती ऐकली, आणि ते अधिकच गप्प झाले. जुन्या लोकांचा अभिमान असा असतो, की लाज वाटली म्हणजे तो आधी ताठरतो.

या हकिगतीची एक बाजू कौतुकाच्या भरात सांगायची राहून जाते. अक्कांचा नियम अक्कांचा होता, पण त्याचे ओझे एकट्या अक्कांच्या डोक्यावर नव्हते. घरात सून येऊन वर्षच झाले होते. एकोणीस वर्षांची मुलगी. सासू मैलभर पाणी वाहते आणि सून घरात बसते, हे दृश्य त्या काळच्या कोणत्या सुनेला परवडले असते? तिला कोणी सांगितले नाही, कोणी अडवलेही नाही. दुसऱ्या दिवसापासून तीही घागर घेऊन निघाली. अक्कांपुरता स्वयंपाक त्या पाण्यात वेगळा करायचा म्हणजे दोन चुली, दोन पातेली, दोनदा धुणी-भांडी. व्रताचे पुण्य ज्याचे त्याला मिळते असे शास्त्र सांगते. कष्टांची वाटणी मात्र घरात निराळ्या रीतीने होते. चातुर्मासातले उपवास, सोवळ्यातला स्वयंपाक, मुनिमहाराजांच्या आहाराची तयारी हे सारे ज्या घरांत निष्ठेने चालते, तिथे या कष्टांचा वाटा कोणाकडे जातो, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

तीन महिने असे गेले. मार्गशीर्षात सुनेला दिवस गेल्याचे कळले. आधीपासून तिला त्रास होत होता, पण ती बोलली नव्हती. अक्कांनी त्याच क्षणी तिची घागर काढून घेतली आणि दोघींच्या खेपा एकट्या करू लागल्या. चाळिशी ओलांडलेली बाई पहाटेच्या थंडीत दोन-दोन खेपा करू लागली. नियम सोडा, असे तिला कोणी म्हणू शकले नाही. नियम कोणासमोर घेतला होता हे सर्वांना ठाऊक होते. एका पहाटे आप्पा गोठ्यात उभे होते. समोरच्या वाटेने अक्का घागर घेऊन येत होत्या आणि डाव्या हाताला त्यांचीच विहीर काठोकाठ भरलेली होती. काय वाटले ते आप्पांनी कधी सांगितले नाही. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ते तलाठ्याकडे गेले. विहिरीत निम्मा हिस्सा आणि आठवड्यातून तीन दिवस मोटारीची पाळी असा करार मुद्रांकावर झाला, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद पडली आणि दावा मागे घेण्यात आला. सातवा दिवस विहिरीला विश्रांतीचा, ही अट अक्कांनी घालायला लावली.

यानंतर दोन्ही घरांत आनंदीआनंद झाला असे लिहिणे सोयीचे होईल, पण तसे घडले नाही. तात्यांनी पाणी घेतले, नवा मळा लावला. जाऊबाई मात्र बोलल्या नाहीत. हक्काची गोष्ट सहा वर्षे अडवून ठेवली आणि मग दिली, त्यात उपकार कसला, असे त्यांचे म्हणणे. आणि ते चूक म्हणता येणार नाही. अक्कांनीही ते कधी चूक म्हटले नाही.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९८१ मध्ये, श्रवणबेळगोळच्या भगवान बाहुबलींच्या मूर्तीला एक हजार वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त महामस्तकाभिषेक होता. गावातून एस.टी.ची खास गाडी ठरली. दोघी जावा त्याच गाडीत होत्या, एक पुढच्या बाकावर आणि एक शेवटच्या. विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत आणि त्या अनवाणी चढाव्या लागतात. दगड तापलेला, मागेपुढे माणसांचा पूर. निम्म्या वाटेवर जाऊबाईंना घेरी आल्यासारखे झाले आणि त्या कडेला बसल्या. मागून येणाऱ्या अक्का थांबल्या. त्यांच्याजवळ फिरकीचा तांब्या होता.

‘पाणी आहे का?’ जाऊबाईंनी विचारले.

‘गाळलेलं आहे,’ अक्का म्हणाल्या.

सात वर्षांनंतरचे त्या दोघींमधले हे पहिले बोलणे. पुढे त्या बरोबर वर चढल्या, ५७ फुटी त्या वीतराग मूर्तीसमोर शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या आणि परतीच्या प्रवासात मात्र पुन्हा आपापल्या बाकांवर बसल्या. हळूहळू जाणे-येणे सुरू झाले. मुलांच्या लग्नांत दोन्ही घरे एकत्र राबली. पण जात्यावरची जुनी जवळीक परत आली का, असे विचारले तर घरातली माणसे जरा थांबून ‘तशी नाही’ म्हणतात.

आप्पा १९९१ मध्ये गेले. त्यानंतरची पंचवीस वर्षे अक्का नातवंडांच्या झाल्या. आज जी नातवंडे पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहेत, त्यांच्या आठवणीत अक्का म्हणजे संध्याकाळचे जेवण. सूर्यास्तापूर्वी घरातली सर्व पाने उठलेली असावीत, हा दंडक होता. थंडीच्या दिवसांत शाळेतून घरी यावे तो ताट वाढलेलेच असे. घड्याळाकडे त्या पाहत नसत. परसातल्या भिंतीवरची कडुनिंबाची सावली विशिष्ट विटेवर आली की ‘चला’ म्हणत. पुढे एका नातवाने मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ दाखवली, तेव्हा त्यांनी भिंतीशी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, ‘तुझं यंत्र दोन मिनिटं मागं आहे.’

हाच नातू अभियांत्रिकीसाठी वसतिगृहात राहायला गेला. तिथे जेवणाची वेळ रात्री आठची. सुटीत घरी आल्यावर हे कसे सांगावे, या विचाराने तो चार दिवस बेचैन होता. शेवटी त्याने सांगितले. अक्कांनी विचारले, ‘पोटभर असतं का?’ आणि दुसऱ्या दिवशी मुगाच्या लाडवांचा डबा त्याच्या सामानात ठेवला. त्यांनी त्याला नियम सांगितला नाही. पुढे नोकरीला लागल्यावर त्याने आपण होऊन अष्टमी-चतुर्दशीला रात्रीचे जेवण सोडले, ते आजतागायत. दुसऱ्या एका नातवाने काहीच सोडले नाही. अक्कांच्या वागण्यात दोघांसाठी तिळमात्र फरक नव्हता, याची ग्वाही दोघेही देतात.

म्हैसाळ योजनेमुळे कृष्णेचे पाणी या भागात आले, पानमळ्यांच्या जागी द्राक्षबागा उभ्या राहिल्या, घरात नळ आला. अक्कांनी नळाच्या पाण्याला विरोध केला नाही. घरच्यांनी शुद्धीकरणाचे यंत्र बसवले, तेही त्यांनी कौतुकाने पाहिले. यंत्र पाणी गाळते, पण जीवाणी कुठे सोडते, एवढे त्यांनी बसवायला आलेल्या मुलाला विचारले. त्याला प्रश्न कळला नाही. अक्का स्वतःपुरत्या विहिरीवर जात राहिल्या. सत्तरीनंतर शेंदणे होईना, तेव्हा नातू शेंदून देई आणि त्या गाळीत.

शेवटचे आजारपण फार लांबले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मूत्रपिंडाचा विकार बळावला. औषधाची एक मात्रा रात्री घ्यावी लागणार होती आणि अक्कांना तर कित्येक वर्षे रात्रीच्या पाण्याचाही त्याग होता. मुलगा हट्टाला पेटला, मग रडकुंडीला आला. अक्का दोन दिवस ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘दे. तुला झोप लागत नाही, ते मला दिसतंय.’ रात्रीची गोळी त्यांनी घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून दूध वर्ज्य केले. रोज असेच चालले. दूध गेले, मग तूप गेले, मग गोड गेले. डॉक्टरांना पथ्य चांगले पाळले जात असल्याचे समाधान होते. भाद्रपदाच्या आधी, णमोकार मंत्राच्या घोषात, स्वतःच्या घरात, माणसांच्या गराड्यात अक्कांनी देह ठेवला. भिंतीपलीकडून जाऊबाई शेवटचे चार दिवस रोज येऊन उशाशी बसत होत्या. काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही. बहुधा फारसे झालेही नसावे.

जाऊबाई आज ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येते, स्मरण मात्र लख्ख आहे. अक्कांविषयी विचारले की त्या आधी म्हणतात, ‘हट्टी होती.’ मग थोड्या वेळाने, ‘अक्कानं पाणी दिलं असं लोक म्हणत्यात. पाणी आमचंच होतं. पण तिनं ते आणून दिलं, हे खरं.’

अक्कांच्या पेटीत निधनानंतर फार काही निघाले नाही. दोन पातळे, जपमाळ, बाहुबलीच्या यात्रेतला एक फोटो, तीन-चार जुनी गाळणी आणि हिशेबाची एक लाल वही. चातुर्मासाच्या आरंभी त्या वर्षाचे नियम या वहीत लिहायचे आणि पुरे झाले की पुढे ‘पूर्ण’ असे लिहायचे, अशी त्यांची पद्धत होती. चौथीतल्या वळणाचे अक्षर शेवटच्या पानांवर थरथरले आहे, पण ओळ सुटलेली नाही. कोणत्या वर्षी किती एकाशने, कोणत्या पर्वात कोणता रस त्यागला, कोणत्या आजारपणात कोणता नियम मोडला आणि त्याचे प्रायश्चित्त काय घेतले, सारे आहे. १९७९ च्या पानावर ‘विहीर’ एवढाच शब्द आहे, आणि त्यापुढे ‘पूर्ण’.

त्याच्या खालच्या ओळीत लिहिले आहे : ‘सुनेच्या घागरी – देणे.’

या ओळीपुढे ‘पूर्ण’ नाही. वही उघडली तेव्हा सून स्वतः आजी झालेली होती. त्या चार महिन्यांविषयी सासूने तिच्याशी पुढे कधी एक शब्द काढला नव्हता, तिनेही काढला नव्हता. लेकीच्या बाळंतपणाला सासूने तीन-तीन महिने जागेवरून उठू दिले नाही, दोन वर्षांनी शिवणकामाच्या वर्गाला सांगलीला जायचे म्हणताच स्वतः आप्पांशी बोलून परवानगी काढली, दळण कधी एकटीवर टाकले नाही, हे सारे तिला त्या ओळीच्या उजेडात एकेक करून आठवले. अक्कांनी त्यातले काहीही फेडीत धरले नव्हते.

वही आता तिच्याच कपाटात असते. उरलेल्या कोऱ्या पानांवर ती स्वतःचे नियम लिहिते. मुलांनी एकदा सुचवले, की त्या ओळीपुढे आता तूच ‘पूर्ण’ लिहून टाक. तिने पेन हातात घेतले, जरा वेळ पानाकडे पाहिले आणि वही मिटून ठेवली.